‘पारख’ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली बरीच वर्षं मी सांगलीत मुद्रितशोधनाचं काम करते. लग्नपत्रिका, शाळांच्या स्मरणिका, दुकानांच्या जाहिराती, श्रद्धांजलीचे फलक असं सगळं हाताखालून जातं. त्यामुळे लोक शब्दांविषयी विचारत राहतात, आणि ‘पारख’ या एका शब्दावर जेवढे प्रश्न आले तेवढे दुसऱ्या कुठल्याच शब्दावर आले नाहीत. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरातला मुद्दा दुसरीकडे लागला तर तिथे क्रमांक दिला आहे.

१. पारख म्हणजे नेमकं काय?

समोरच्या वस्तूत अस्सल किती आणि हीण किती, हे ओळखणं म्हणजे पारख. हा शब्द दोन तऱ्हांनी वापरतात. ‘सोनाराने दागिन्याची पारख केली’ यात ती एक कृती आहे, तपासणी. ‘त्याला सोन्याची पारख आहे’ यात तो अंगचा गुण आहे. कृती तेवढ्यापुरती असते, गुण माणसाबरोबर राहतो. आज बोलताना आपण बहुतेक वेळा दुसऱ्याच अर्थाने हा शब्द घेतो.

मी हा शब्द पुस्तकातून शिकले नाही. लहानपणी आबांबरोबर हळदीच्या सौद्याला मार्केट यार्डात जायचे. आठ-नऊ महिने रानात वाढलेली, मग शिजवलेली, वाळवलेली, पॉलिश केलेली हळद पोत्यात भरून आणलेली असायची. खरेदीदार पोत्यात कोपरापर्यंत हात घालायचा आणि तळाकडचं एक हळकुंड काढून कडकन मोडायचा. त्या आवाजाकडे त्याचं लक्ष असायचं. नीट वाळलेलं हळकुंड टणक, जवळजवळ धातूसारखं वाजतं. ओल राहिली असेल तर आवाज दबतो. मग तो मोडलेला गाभा उजेडाकडे धरायचा. केशरी झाक किती आहे, रंग मधोमध सारखा आहे की कडेला फिकटलाय, एवढं बघायचा आणि हळकुंड परत पोत्यात टाकायचा. सगळं मिळून अर्धं मिनिट. आबा घरी येताना म्हणायचे, “भाव कमी दिला, पण माणसाला पारख हाय.” त्यांच्या आवाजात राग नसायचा.

२. हा शब्द आला कुठून?

संस्कृत ‘परीक्षा’, त्याचं प्राकृतात ‘परिक्खा’, आणि तिथून मराठीत ‘पारख’. ‘क्ष’चा ‘ख’ होणं आपल्याकडे नवीन नाही. ‘रक्षण’चं ‘राखण’ झालं, ‘लक्ष’ या संख्येचं ‘लाख’ झालं. मूळ शब्दात ‘परि’ म्हणजे सर्व बाजूंनी आणि ‘ईक्ष्’ म्हणजे पाहणं. एखादी गोष्ट फिरवून, चारी अंगांनी पाहणं हा अर्थ ‘पारख’मध्ये अजून जिवंत आहे.

३. म्हणजे ‘परीक्षा’ आणि ‘पारख’ एकच का?

मूळ एक आहे, पण मराठीत दोघींचे संसार वेगळे झाले. परीक्षा घेतली जाते आणि दिली जाते. तिला दिवस-वेळ असते, ती संपते आणि तिचा निकाल लागतो. पारख कुणी देत नाही. ती ‘असते’, ‘येते’, ‘होते’ किंवा ‘करावी लागते’. म्हणून ‘मी उद्या पारख देणार आहे’ हे वाक्य मराठी कानाला लगेच खटकतं.

‘शितावरून भाताची परीक्षा’ या म्हणीत ‘पारख’ का नाही, असं एकीने विचारलं होतं. प्रश्न सुंदर आहे. शीत दाबून बघणं ही त्या वेळची, त्या पातेल्यापुरती चाचणी आहे, म्हणून तिथे परीक्षा. पण कोणतं शीत उचलायचं, वरचं की तळाचं, हे जिला कळतं तिला भाताची पारख आहे.

४. ‘तो पारख’ की ‘ती पारख’? रूपं कशी होतात?

ती पारख. अनेकवचनाची गरज सहसा पडत नाही. ‘ओळख’ जशी चालते तशी चालवा, म्हणजे ओळखीचा तसं पारखीचा. क्रियापद ‘पारखणे’, ते सकर्मक : मी माल पारखला, त्याने माणसं पारखली. ‘पारखी’ विशेषण असेल तेव्हा बदलत नाही, जसं की पारखी नजर, पारखी नजरेने. नाम असेल तर ‘माळी–माळ्याने’प्रमाणे ‘पारखी–पारख्याने’. आता ‘पारख्याने’ हे ‘पारखा’ या अगदी वेगळ्या शब्दाचंही रूप होतं. त्यासाठी प्रश्न ९ पाहा.

५. ‘मला पारख आहे’ हे वाक्य बरोबर आहे का?

व्याकरणाने चूक नाही, पण वाक्य अर्धं आहे. ऐकणारा लगेच विचारणार, ‘कशाची?’ मला या शब्दात सगळ्यांत मोलाचं काही वाटत असेल तर हा ‘कशाची’ वाटतो. हुशारी मोकळी असू शकते, अक्कलही असू शकते. ‘तो हुशार आहे’ म्हटलं की बोलणं पूर्ण झालं. पारख मात्र ‘ची’ प्रत्ययाशिवाय उभी राहत नाही : हळदीची, बैलाची, सुरांची, कापडाची, माणसांची. ज्या वस्तूवर हात फिरलाय त्याच वस्तूची ती असते.

आमचे मामा तासगावच्या बेदाण्याच्या सौद्यात वाढलेले. मूठभर बेदाणा तळहातावर घेतला की रंग, आकार, चिकटपणा, देठ किती राहिलेत, हे ते बोलता बोलता सांगत. तेच मामा बैल घ्यायला खरसुंडीच्या यात्रेला निघाले की शेजारच्या दादांना बरोबर नेत. दादा खिल्लार खोंडाचा ओठ वर करून आधी दात बघायचे : अजून आदत म्हणजे दुधाच्या दातांचा आहे, दोनदाती झालाय, चारदाती की सहादाती, का दात जुळलेत म्हणजे सगळे पक्के दात आलेत. मग त्याला दहा पावलं चालवायला लावायचे, मागचे खूर पुढच्या खुरांच्या ठशाजवळ पडतात का बघायचे, आणि शेवटी खांद्यावर हात ठेवायचे. मामा तोवर बाजूला उभे. सौद्यात सगळे ज्यांच्या तोंडाकडे बघायचे ते मामा तिथे एक शब्द बोलत नसत. पारख असलेल्या माणसाला ती कुठे संपते हेही ठाऊक असतं, हे मी मामांकडे पाहून शिकले.

म्हणून लेखात कुणाचं कौतुक करताना ‘त्यांना उत्तम पारख होती’ एवढ्यावर थांबू नका. कशाची ते लिहा. तेवढ्या एका शब्दाने वाक्यात जीव येतो.

६. पारख, जाण, तारतम्य, विवेक, चोखंदळपणा : यात फरक आहे की सगळे सारखेच?

फरक आहे, आणि तो जपावा.

‘जाण’ म्हणजे समज. तिच्यात निवाडा असेलच असं नाही. ‘त्याला गाण्याची जाण आहे’ म्हणजे त्याला गाणं कळतं. ‘पारख आहे’ म्हटलं तर बरं गाणं आणि फक्त गोड गाणं त्याला वेगळं काढता येतं.

‘तारतम्य’ हा शब्द ‘तर’ आणि ‘तम’ या दोन प्रत्ययांपासून बनला आहे, लघुतर-लघुतम यातले. कमी-अधिक ओळखणं, कुठे किती हे कळणं म्हणजे तारतम्य. तेराव्याच्या जेवणात मोठ्याने हसू नये, हे तारतम्य. तिथे पारखीचा संबंध नाही.

‘विवेक’ म्हणजे वेगळं करणं. हंस दूध आणि पाणी वेगळं करतो या कल्पनेवरून ‘नीरक्षीरविवेक’ म्हणतात. पण व्यवहारात विवेक बरं-वाईट, योग्य-अयोग्य यांच्याशी बांधलेला आहे. चोराला सोन्याची पारख असू शकते, विवेक असेलच असं नाही. हा फरक ध्यानात राहिला तरी पुरे. पारख हा नैतिक शब्द नाही.

‘चोखंदळ’ माणूस निवडून घेतो, त्याला सहजासहजी काही पसंत पडत नाही. त्यामागे पारख असली तर शोभतं. नसली तर ती नुसती नखरेल आवड. ‘चोखंदळ ग्राहकांसाठी’ हे जाहिरातीत इतकं घासून गेलंय की मी हल्ली ते खोडून ‘पारखून घेणाऱ्यांसाठी’ करते.

७. ‘कुशाग्र’, ‘चाणाक्ष’, ‘धूर्त’ यांच्या जागी पारख वापरता येईल?

नाही. कुशाग्र म्हणजे कुश या गवताच्या पात्याच्या टोकासारखी तीक्ष्ण. ते विशेषण बुद्धीला लागतं, आणि कुशाग्र बुद्धीचा मुलगा पहिल्याच दिवशी कुशाग्र असू शकतो. पारख पहिल्या दिवशी नसते. चाणाक्ष माणूस परिस्थिती चटकन ओळखून आपलं साधतो, धूर्त दुसऱ्याला न कळू देता साधतो. दोन्हींत स्वतःच्या फायद्याची छटा आहे. ‘पारख’मध्ये ती नाही.

हल्ली बातम्यांत ‘व्यावसायिक कुशाग्रता’ असा शब्द दिसतो. तो कुणी घरात बोलत नाही. ‘धंद्याची पारख’ किंवा ‘धंद्यातली नजर’ म्हणा, आमच्या पेठेतल्या कुणालाही कळेल.

८. रत्नपारखी, जोहरी, सराफ, पोतदार : हे सगळे पारख करणारेच ना?

हो, पण प्रत्येकाचा माल वेगळा. रत्नपारखी म्हणजे रत्नं तपासणारा. आता तो शब्द गुणी माणसं हेरणाऱ्यालाही लावतात. जोहरी अरबीतल्या ‘जौहर’ म्हणजे रत्न या शब्दावरून आला, सराफ अरबीतल्या नाणी बदलून देणाऱ्यावरून. पोतदार हे आडनाव आपल्याकडे घरोघरी आहे, पण त्यामागचं काम फार थोड्यांना माहीत असतं. जुन्या राज्यव्यवस्थेत सरकारी खजिन्यात भरणा झालेलं नाणं खरं की खोटं हे तपासणारा तो पोतदार. पुढे गावच्या सोनारालाही तेच नाव पडलं.

आपल्या जिल्ह्यात या कामाची आणखी एक शाखा आहे आणि तिचा मला फार अभिमान वाटतो. विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या गलाईच्या धंद्यात आहेत. जुनं सोनं-चांदी, सोनारांच्या दुकानातली झाडून काढलेली धूळसुद्धा आटवून, आम्लात टाकून, शुद्ध धातू वेगळा काढायचा हे त्यांचं काम. देशात दूरदूरच्या शहरांच्या सराफ बाजारात आपल्याकडची मराठी बोलणारं गलाईचं दुकान भेटतं. नायट्रिक आम्लात चांदी आणि तांबं विरघळतं, सोनं तळाशी राहतं. हे शास्त्र सगळ्यांना सारखंच, पण मुशीतला रस कधी उतरवायचा हे बघणाऱ्याच्या डोळ्यावर असतं.

९. ‘मायेला पारखा झाला’ यातला ‘पारखा’ कोणता? त्याचा पारख करण्याशी काय संबंध?

काहीही संबंध नाही. सर्वाधिक चुका इथेच होतात, म्हणून जरा सविस्तर.

‘पारखा’ हा ‘पर’ म्हणजे दुसऱ्याचा या कुळातला, ‘परका’चा भाऊबंद. ‘सुखाला पारखा झाला’, ‘गाव पाण्याला पारखं झालं’ म्हणजे दुरावला, वंचित झाला. तो नेहमी ‘ला’ किंवा ‘स’ घेतो, म्हणजे कशाला तरी पारखा. ‘पारख’ घेते ‘ची’, म्हणजे कशाची तरी पारख. प्रत्यय बघितला की घोटाळा होत नाही.

अडचण स्त्रीलिंगी रूपात येते. ‘ती आईला पारखी झाली’ म्हणजे आईपासून दुरावली. ‘ती माणसांची पारखी झाली’ म्हणजे माणसं ओळखू लागली. अक्षरं तीच, अर्थ दोन टोकांचे.

सुरुवातीच्या दिवसांत एका श्रद्धांजली फलकाचा मजकूर रात्री उशिरा माझ्याकडे आला. ‘आम्ही त्यांच्या मार्गदर्शनाचे पारखी झालो’ असं त्यात होतं. मी शुद्धलेखन बघितलं, ते चोख होतं, आणि पुढे पाठवलं. सकाळी फलक चौकात लागला. हवं होतं ‘मार्गदर्शनास पारखे झालो’. गेलेल्या माणसाच्या मुलाने मला शांतपणे एवढंच विचारलं, “ताई, ह्याचा अर्थ काय होतो?” मला उत्तर देता आलं नाही. त्या दिवसापासून ‘पारख’ हा शब्द दिसला की मी आधी त्याच्या मागच्या शब्दाचा प्रत्यय बघते. तुम्हीही बघा.

१०. ‘परखड’ याच घरातला का?

अर्थाने तरी नाही. परखडपणा बोलण्यात असतो, पारख पाहण्यात. पारखी माणूस मितभाषी असू शकतो (प्रश्न ५ मधले मामा), आणि परखड बोलणाऱ्याला पारख असेलच असं नाही.

११. पारख सांगणारे आणखी वाक्प्रचार कोणते?

भरपूर आहेत, आणि गंमत म्हणजे त्यांतले कितीतरी कानाशी जोडलेले आहेत. नाणं ‘खणखणीत’ असतं, कारण खरं नाणं फरशीवर टाकलं की खणखण वाजे. मडकं ‘वाजवून घेतात’, म्हणून माणूसही वाजवून घेतात. प्रश्न १ मधलं हळकुंडही वाजतंच.

दुसरा घोळका सोनाराच्या दुकानातला. ‘कस लागणे’, ‘कसाला उतरणे’, ‘कसोटी’. कसोटी म्हणजे तो काळा गुळगुळीत दगड. त्यावर दागिना घासून रेघ काढायची, शेजारी माहीत असलेल्या शुद्धतेच्या सोन्याची रेघ काढायची, दोन्हींवर आम्लाचा थेंब सोडायचा आणि कोणती रेघ किती टिकते ते बघायचं.

पारख नसल्याच्या म्हणी त्याहून झणझणीत. ‘गाढवाला गुळाची चव काय’, ‘सब घोडे बारा टक्के’, आणि माझी आवडती ‘पाण्यात म्हैस, वर मोल’. म्हैस बुडालेली, दिसतंय फक्त डोकं, आणि काठावर सौदा चाललाय. ऑनलाइन फोटो बघून जनावर घेणाऱ्यांना ही म्हण आज जास्त लागू पडते.

१२. पारख फक्त डोळ्यांची का? ‘कानाची पारख’ म्हणता येईल?

‘कानाची पारख’ म्हटलं तर कान पारखला असा अर्थ होईल. ‘कानाला सुरांची पारख आहे’ म्हणा. उत्तम ऐकणाऱ्यासाठी मराठीत ‘कानसेन’ आणि ‘दर्दी’ असे दोन देखणे शब्द आहेतच.

आणि कानाला पारख असते म्हणजे काय, हे बघायचं तर मिरजेला जावं. तिथल्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तानपुऱ्याचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतो. कारागीर वाळलेला भोपळा बोटाने ठोकत जाड-पातळ ओळखतो. पुढे सर्वांत नाजूक काम जवारीचं. तारा ज्या घोडीवरून जातात तिचा माथा कानसेने थोडा थोडा घासायचा, तार छेडायची, पुन्हा घासायचं. मग तारेखाली सुताचा दोरा सरकवायचा. केसभर पुढे-मागे झाला की आवाज कोरडा पडतो, आणि नेमक्या जागी बसला की एकाच तारेतून सूर उमलत जातो. मी एकदा शेजारी बसून ऐकलं. मला आठ-दहा वेळा सगळं सारखंच ऐकू आलं. कारागीर मात्र एका क्षणी थांबले आणि त्यांनी दोरा सोडला. तेव्हा कुठे मलाही कळलं, की हे वेगळं आहे.

१३. ‘मुलगी पारखून घेतली’ असं लिहिलेलं चालेल?

एका कुटुंबाच्या स्मरणिकेत हे वाक्य होतं. व्याकरणाने चालतं, मी खोडलं. ‘पारखून घेणे’ला बाजाराचा वास आहे. त्यात एक घेणारा असतो आणि एक घेतला जाणारा. लग्नाच्या माणसाबद्दल ‘ओळख करून घेतली’, ‘स्वभाव जुळले’ असं लिहावं.

‘माणसांची पारख’ मात्र जरूर लिहा, जिथे पारखणाऱ्याने त्या माणसात इतरांना न दिसलेलं मोल पाहिलं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलजवळच्या ओसाड माळावर किर्लोस्करवाडी उभी केली तेव्हा तुरुंगवास भोगून आलेल्या माणसांनाही काम दिलं, राखणीचंसुद्धा. तिथे ‘माणसांची पारख’ हा शब्द पूर्ण वजनाने बसतो.

१४. पारख उपजत असते की शिकता येते?

‘मुळातच पारख आहे’ असं आपण म्हणतो, पण मी पाहिलेली प्रत्येक पारख हाताळण्यातून आलेली आहे. हजारो हळकुंडं मोडली, शेकडो दात बघितले, आणि चुकलं तेव्हा पदरचे पैसे गेले. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे. ज्याचं काही जात नाही त्याला मत असतं. वयाचाही तसा संबंध नाही. तासगावच्या सौद्यात विशीतली पोरंसुद्धा तयार असतात, कारण ती लहानपणापासून तिथे बसलेली असतात.

१५. आता सगळं यंत्रावर तपासतात. मग हा शब्द मरणार का?

सोन्यावर हॉलमार्क असतो, २२ कॅरेटला ९१६ चा आकडा असतो. हळदीतलं कुरकुमिन, म्हणजे तिला पिवळा रंग देणारं द्रव्य, प्रयोगशाळेत मोजतात, ओल मोजायला यंत्र आहे. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून अशा आकड्यांना मोल आलंय आणि ते चांगलं आहे. गरीब शेतकऱ्याला खरेदीदाराच्या तोंडी शब्दावर अवलंबून राहावं लागत नाही.

पण यंत्र दिलेला नमुना मोजतं. नमुना पोत्याच्या वरून घेतला की तळातून, दहा पोत्यांतल्या कुठल्या पोत्यातून, हे माणूस ठरवतो. धान्याच्या पोत्यात खुपसून आतला माल काढायची टोकदार नळी असते, तिला उत्तरेकडचे व्यापारी ‘परखी’ म्हणतात. आपला शब्द असा अवजाराच्या नावातही जाऊन बसलाय. मरायची चिन्हं नाहीत.

१६. ‘पारख हरवली’, ‘पारख सुटली’ असं म्हणता येतं का?

नाही. विवेक हरवतो, तारतम्य सुटतं, भान जातं. पारख ‘चुकते’. इतकी वर्षं ऐकतेय, जाणकार माणूस हेच क्रियापद वापरतो आणि तेही बहुधा स्वतःबद्दल. एका पावसाळ्यात मामांनी घेतलेल्या बेदाण्याच्या काही पेट्या आतून ओलसर निघाल्या. मामी काही बोलायच्या आत ते पेटीचं झाकण लावत म्हणाले, “माझी पारख चुकली,” आणि दुसऱ्या दिवशी पहाटे नेहमीच्या वेळेला सौद्याला गेले.